पिकअपला ऑल-टेरेन टायर घेताना आधी लोड इंडेक्स पाहा

खेड, जुन्नरकडून मोशीच्या उपबाजारात माल आणणाऱ्या पिकअपला शेतातला चिखल थोडा आणि पुणे-नाशिक महामार्गाचे डांबर जास्त लागते. त्यामुळे मोठ्या ठोकळ्यांचा, खास चिखलाचा टायर घेऊ नये. डांबरावर तो लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी देतो. ऑल-टेरेन हा मधला पर्याय. मात्र चिकट काळ्या मातीत त्याच्याही खाचा भरतात, हे धरून चालावे.

नक्षीच्या आधी टायरच्या बाजूवर मापापुढे छापलेला लोड इंडेक्स वाचावा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. मागच्या दोन टायरांत मिळून फरक २०० किलोंचा, म्हणजे ५० किलोंच्या चार कांदा पिशव्या. स्वस्त मिळाला म्हणून कारचा टायर मागे घालणारे इथेच फसतात. गाडीच्या पुस्तिकेत दिल्यापेक्षा हा आकडा कमी नसावा. जास्त असला, तरी पासिंगपेक्षा अधिक माल भरता येत नाही.

जुना साठा गळ्यात पडू नये म्हणून ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीतील शेवटचे चार अंक पाहावेत: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. हवा मात्र टायर गार असताना, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या दाबानेच भरावी.