लष्करी ट्रक हवेच्या उशीवर!

मुलांनो, एस.टी.च्या अगदी मागच्या बाकावर बसून कधी प्रवास केलाय? खड्डा आला की आधी चाक उडतं, मग बाक उडतो आणि शेवटी आपण! यातली एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? गाडी रिकामी असली की जास्त आदळते. बाजाराच्या दिवशी तीच गाडी खचाखच भरली की जरा शहाण्यासारखी चालते. असं का होत असेल बरं?

याचं उत्तर शोधायला आपण थेट अमेरिकेत जाऊ. तिथले काही हौशी लोक सैन्याने काढून टाकलेले ट्रक लिलावात विकत घेतात आणि त्यांच्या पाठीवर चक्क घर बांधतात. झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी, सगळं काही! मग हे फिरतं घर घेऊन वाळवंटात, डोंगरात भटकायचं. पण पहिल्याच फेरीत बहुतेकांच्या ध्यानात येतं, की ट्रक मजबूत आहे खरा, पण आपली हाडं तेवढी मजबूत नाहीत! मग सुरू होतो एक मोठा उद्योग. ट्रकखालचे पोलादी पाटे काढायचे आणि त्या जागी हवा भरलेले रबरी फुगे बसवायचे.

तुम्ही म्हणाल, साडेसात टनांचा ट्रक आणि फुग्यांवर? फटकन फुटायचे नाहीत का?

थांबा, आधी ट्रकची ओळख करून घेऊ. अमेरिकी सैन्याचा एम-३५ हा ट्रक १९५० साली आला आणि अनेक दशकं राबला. खराब वाटेवर त्याने अडीच टन माल न्यायचा असा हिशेब होता, म्हणून त्याचं लाडकं नाव पडलं ‘ड्यूस अँड अ हाफ’. पत्त्यांतल्या दुर्रीला इंग्रजीत ड्यूस म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत ‘दुर्री आणि अर्धा’! पुढे १९९६ पासून त्याची जागा एम-१०७८ हा चौकोनी तोंडाचा ट्रक घेऊ लागला. त्याचा मूळ आराखडा ऑस्ट्रियातल्या श्टायर कंपनीच्या ट्रकवरून घेतलेला. याच्या टायरवर लिहिलेलं असतं ३९५/८५ आर २०. म्हणजे टायरची रुंदी ३९५ मिलिमीटर, त्याच्या ८५ टक्के इतकी टायरच्या कडेची उंची, आणि आतली रिम २० इंचांची. गणित करून पाहा. चाकाची पूर्ण उंची जवळजवळ ११८ सेंटिमीटर येते. पहिली-दुसरीतलं मूल शेजारी उभं केलं तर चाक त्याच्या डोक्यापर्यंत पोचेल! शिवाय या ट्रकची केबिन नेमकी पुढच्या चाकांच्या वर आहे. त्यामुळे चाकाला बसलेला धक्का ड्रायव्हरला लगेच कळतो, आणि चांगलाच कळतो.

आता पाट्यांकडे वळू. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मालट्रकखाली जरा लांबूनच वाकून बघा. चाकांच्या आतल्या बाजूला वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चवड दिसेल. तेच पाटे. भार आला की ते सरळ होऊ पाहतात, भार हलका झाला की पुन्हा वाकतात. काम साधं आणि चोख. पण कारखान्यात पाटा बनतो तो पूर्ण भाराच्या हिशेबाने. समजा, पूर्ण भाराला एक पाटा १० सेंटिमीटर दबतो. मग चौथाई भाराला तो अडीच सेंटिमीटरच दबणार. पाटा किती दबला यावरून त्याच्यावरची गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे काढता येतं. दबलेल्या सेंटिमीटरांचं वर्गमूळ घ्यायचं आणि ५ ला त्याने भागायचं. झालं उत्तर! १० सेंटिमीटरला येतात सुमारे १.६ झोके, आणि अडीच सेंटिमीटरला ३.२. म्हणजे भार चौथाई झाला की झोक्यांचा वेग दुप्पट झाला.

रिकामी एस.टी. जास्त का आदळते, ते आता आलं ना लक्षात? पाटा तोच, पण त्याला दाबायला वर माणसंच नाहीत!

दीडेक झोके आपल्याला मुळीच त्रास देत नाहीत. साधारण त्याच तालात आपण चालताना वरखाली होत असतो. खरा त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांनी. बसलेल्या माणसाच्या शरीराला ते सर्वांत जास्त जाणवतात. पोटातलं पाणी हलतं असं आपण म्हणतो ते उगाच नाही! आणि ट्रकवर घर बांधलेलं असेल तर माणसांबरोबर कपाटं, पाण्याचे नळ, गॅसची जोडणी, सगळंच तासन् तास हादरत राहतं. स्क्रू सैल होतात, सांधे गळायला लागतात. त्यामुळे हा नुसता आरामाचा प्रश्न नाही.

मग हवा काय वेगळं करते? एक प्रयोग करू. सुई नसलेली प्लॅस्टिकची नवी सिरिंज घ्या. दट्ट्या अर्धा मागे ओढा, पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. सुरुवातीला तो सहज आत जातो. पुढे पुढे मात्र हवा हट्टाला पेटते! जागा कमी झाली की हवेचा दाब वाढतो, हे रॉबर्ट बॉईलने १६६२ सालीच सांगून ठेवलं आहे. हीच झाली हवेची स्प्रिंग.

आता फुग्याचं गणित. ट्रकचा फुगा म्हणजे वाढदिवसाचा फुगा नव्हे बरं का. तो जाड रबराचा असतो आणि रबरात टायरसारखे मजबूत दोरे विणलेले असतात. समजा त्याचा व्यास २५ सेंटिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ झालं सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. त्याच्यावर २,००० किलो भार ठेवला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४ किलो दाब पुरतो. ट्रकच्या टायरमध्येसुद्धा यापेक्षा जास्त दाब असतो! फुगा फटकन का फुटत नाही, ते कळलं ना?

खरी करामत पुढेच आहे. भार १,००० किलोवर आला तर फुग्यातली हवा सोडून दाब २ किलोवर आणायचा. ट्रकची उंची तेवढीच राहते, पण हवेची स्प्रिंग आपोआप नरम होते. जास्त भाराला कडक, कमी भाराला नरम. त्यामुळे ट्रक भरलेला असो की रिकामा, झोक्यांचा ताल जवळजवळ सारखाच राहतो. पोलादी पाट्याला हे कसं जमणार? त्याला घडवलं तेव्हाच त्याचा स्वभाव ठरून गेलेला!

ही हवा कमी-जास्त करतं कोण? एक छोटासा व्हॉल्व्ह. तो चासीला बसवलेला असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. ट्रक खाली बसला की दांडी वर जाते आणि फुग्यात हवा शिरते. ट्रक जास्त उचलला गेला की दांडी खाली येते आणि हवा सुटते. प्रत्येक खड्ड्याला हा व्हॉल्व्ह हवा घेत-सोडत बसला तर सगळी हवा वाया जाईल, म्हणून तो मुद्दाम जरा सावकाश काम करणारा करतात.

असे किती व्हॉल्व्ह हवेत? चार चाकं म्हणजे चार, असंच वाटतं की नाही? पण चांगले कारागीर तीनच बसवतात. मागे डावीकडे एक, उजवीकडे एक आणि पुढच्या दोन्ही फुग्यांना मिळून एक. कारण विचाराल तर घरातली तिवई बघा. चार पायांचं स्टूल खडबडीत फरशीवर डुगडुगतं, तिवई कधीच डुगडुगत नाही. तीन बिंदूंतून एकच पातळी जाते, हे भूमितीत तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल. चार व्हॉल्व्ह असले तर ते आपसांत भांडत बसतात आणि चासी उगाच पिळली जाते.

इथपर्यंत सगळं सोपं वाटलं ना? मग पाटे काढून फुगे ठेवले की झालं काम! छे, छे! इथेच नवशिके फसतात. पाटा दिसायला साधा, पण तो एकटा तीन नोकऱ्या करत असतो. तो भार उचलतो. तोच ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो, मागे-पुढे किंवा बाजूला सरकू देत नाही. आणि त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे झोके लवकर थांबतात. फुग्याला यातली पहिलीच नोकरी येते. तुम्ही नुसते फुगे ठेवून ब्रेक मारलात तर ॲक्सल कुठे जाईल, याचा नेम नाही!

म्हणून फुग्यांबरोबर एक अख्खी पलटण आणावी लागते. ॲक्सल मागे-पुढे जाऊ नये म्हणून लांब, जाड दांडे. ते एका टोकाला चासीशी आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलशी रबरी बुश घालून जोडायचे. बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. पॅनहार्ड ही फ्रान्समधली जुनी मोटार कंपनी. झोके थांबवायला जाडजूड शॉकॲब्सॉर्बर. वळणावर ट्रक कलंडू नये म्हणून पिळाला विरोध करणारी सळई. फुगा चेपून सपाट होऊ नये म्हणून आत रबराचा ठोकळा. आणि मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं तर फुगा ताणून फाटू नये म्हणून त्याला मर्यादा घालणारा पट्टा.

पुढच्या ॲक्सलचं काम तर आणखी नाजूक, कारण तिथे स्टिअरिंग आहे. स्टिअरिंगचा दांडा आणि ॲक्सल धरणारे दांडे वरखाली होताना एकाच वळणाने फिरले नाहीत, तर खड्डा आला की चाक आपलं आपणच वळतं. ड्रायव्हरने हात हलवलासुद्धा नाही आणि गाडी निघाली बाजूला! ताशी ८० किलोमीटरच्या वेगात हे झालं तर? म्हणून हे घरच्या अंगणात हौसेने करायचं काम नाही. त्यासाठी मोजमाप, आराखडा आणि अनुभवी हात लागतात. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोकं पाडायची नाहीत की तिथे वेल्डिंग करायचं नाही, हाही या धंद्यातला एक मोठा नियम. सगळा ताण तिथेच येतो. नटबोल्ट घ्यायचे ते चासीच्या उभ्या बाजूला. आणि फुग्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली, लोखंडी स्टँडचा भक्कम आधार दिल्याशिवाय कुणीही शिरायचं नाही. मेकॅनिकनेसुद्धा नाही. हवा गेली तर काही टनांचा भार एका क्षणात खाली येतो.

एक गोष्ट मात्र या लष्करी ट्रकमध्ये आयतीच मिळते. ती म्हणजे हवा! एम-१०७८ चे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून इंजिनला कॉम्प्रेसर असतोच आणि चासीला हवेच्या टाक्याही असतात. तीच हवा फुग्यांना द्यायची. पण समजा, घाटात एका फुग्याची नळी फुटली आणि सगळी हवा सूंऽऽ करून निघून गेली. मग ब्रेकचं काय?

जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न छळत होता. हवा गेली की ब्रेकही गेला! तीन वर्षांनी त्याने उलटी युक्ती केली. हवा गेली तर ब्रेक सुटण्याऐवजी लागलाच पाहिजे. ट्रकमध्येही तसंच असतं. एक दणकट स्प्रिंग ब्रेक लावायला टपलेली असते, हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. दाब फार उतरला की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. म्हणजे ट्रक थांबणार हे नक्की, पण कुठे थांबेल ते सांगता येत नाही. कदाचित भर वळणावर!

म्हणून फुग्यांकडे जाणाऱ्या नळीवर एक राखणदार व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. टाकीतला दाब साधारण साडेचार किलोच्या खाली घसरू लागला की तो फुग्यांची वाट बंद करतो. उरलेली सगळी हवा ब्रेकची! ट्रक खाली बसेल, आतल्या रबरी ठोकळ्यांवर धडधडत चालेल, पण ब्रेक शाबूत राहतील. हा व्हॉल्व्ह तळहातावर मावेल एवढा असतो. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि ती वगळणारा माणूस शहाणा नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सैन्याने स्वतःच फुगे का नाही बसवले? सैन्याचा हिशेब वेगळा. पाट्याची एक पट्टी तुटली तरी बाकीच्यांवर ट्रक रखडत का होईना, तळावर पोचतो. चिखल, वाळू, टोकदार दगड, उडालेले लोखंडी तुकडे, पाट्याला कशाचंच फारसं वाटत नाही. आणि ट्रक मालाने भरलेला असला की पाटा छान काम करतो. प्रवाशांच्या गाड्यांचं तसं नाही. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकातच हवेच्या स्प्रिंगवर काम सुरू केलं होतं. १९५४ साली आलेली ग्रेहाऊंड कंपनीची सीनिक्रूझर ही प्रसिद्ध बस हवेच्या फुग्यांवरच धावायची. आपल्याकडे २००१ साली व्होल्वोची बी-७-आर बस आली तीही अशीच. तशा बसच्या चाकाजवळ उभं राहिलात तर मधूनच ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो व्हॉल्व्ह हवा सोडत असू शकतो.

ट्रकवर घर बांधणाऱ्यांना या फुग्यांचा आणखी एक फायदा मिळतो. मुक्कामाची जागा बहुधा उताराची असते, आणि तिरक्या पलंगावर झोप कशी लागणार? मग हाताने चालवायचे छोटे व्हॉल्व्ह वापरून उंचावरच्या बाजूची हवा थोडी सोडायची, सखल बाजूला थोडी भरायची. गवंडीकाका वापरतात तशी पाणसळ ओट्यावर ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा मध्यावर आला की थांबायचं. सकाळी निघण्यापूर्वी मात्र सगळे व्हॉल्व्ह पुन्हा प्रवासाच्या जागी आणायचे, नाहीतर स्वारी तिरकीच निघायची!