दवंडी सामाईक, हिशेब ज्याचा त्याचा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाचट सोडून जाहिरातीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारफेरीला गेलो की उसाइतकाच घरातला उद्योगही नजरेस पडतो. कुणाकडे गुळाची ढेप आणि काकवी, कुणाकडे चटणी-मसाला, कुणाकडे शेवया-कुरडया, कुणाकडे गोधड्या. उसाचे बिल हातात येईपर्यंत कितीतरी घरांचा किराणा याच पैशावर चालतो. माल उत्तम असतो. अडते एवढेच, की वेशीबाहेर त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

परवा एका गटातल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, पेपरात घालायला पत्रकं छापली, चोवीसशे रुपये गेले. एवढे पैसे मसाल्यातून कधी निघायचे? परत त्या वाटेला जायचं नाही बघा."

वहिनींचे खोटे नाही. एका पाकिटामागे खर्च वजा जाता 20 रुपये सुटत असतील, तर 2400 रुपये नुसते भरून निघायला 120 पाकिटे जास्तीची विकली पाहिजेत. नफा त्याच्या पुढे. पण म्हणून जाहिरात वाईट असे नव्हे. एका घराने एकट्याने केलेली जाहिरात महाग, एवढाच याचा अर्थ.

एक जॅकवेल, एक पाइपलाइन

नदीवरून पाणी आणायचे तर प्रत्येकाने आपली वेगळी पाइपलाइन टाकायची म्हटली, तर जमीन विकावी लागेल. म्हणून आपण उपसा योजना करतो. जॅकवेल एक, मोटर एक, मुख्य पाइप एक. पुढे रान ज्याचे त्याचे, पीक ज्याचे त्याचे आणि पाण्याची पाळी ठरलेली. जाहिरातीचेही तसेच आहे. गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाण्याचा खर्च सामाईक करावा. माल, दर आणि गल्ला ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा.

ही काही नवी युक्ती नाही. मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 1959 साली 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. पापड हजारो घरांत लाटले जातात, पण पाकिटावर नाव एकच. गुजरातेतल्या जिल्हा दूध संघांनीही 1973 साली विक्रीसाठी एक महासंघ केला आणि अमूल या एकाच नावाखाली माल बाजारात नेला. प्रत्येक जिल्ह्याने आपापल्या नावाचा डांगोरा पिटला असता, तर खर्च वाढला असता आणि संघ एकमेकांचेच गिऱ्हाईक ओढत बसले असते. आपल्याला लगेच एवढे मोठे व्हायचे नाही. पाच-सहा घरांचे एक पत्रक, इतकीच सुरुवात पुरे.

आकडेमोड

पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या छापखान्यात दर विचारून त्या जागी घालावेत.

एकट्या घराची 1000 पत्रके: मजकूर-चित्राची आखणी 600, छपाई 1200, पेपरात घालून वाटणावळ 600. एकूण 2400 रुपये. सहा घरांनी वेगवेगळे केले तर 14,400 रुपये. शिवाय सहाही पत्रके तालुक्याच्या त्याच हजार दारांत जाऊन पडणार.

सहा घरांचे मिळून दोन्ही बाजूंनी छापलेले मोठे पत्रक, 2000 प्रती: आखणी 1200, छपाई 3600, वाटणावळ 1200. एकूण 6000 रुपये. घरटी 1000 रुपये. दारे दुप्पट झाली आणि खर्च निम्म्याहून खाली आला. वहिनींना आता 120 नाही, 50 पाकिटांत पैसे परत.

दुसरा फायदा हिशेबात दिसत नाही. शेवया मागवणारी बाई त्याच कागदावर काकवी पाहते. एकाचे गिऱ्हाईक सहा जणांच्या ओळखीचे होते. त्याच पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर त्याला वाटणावळही लागत नाही.

आमच्या घरची चूक

आता स्वतःच्या घरचे सांगतो. गेल्या दिवाळीला आमच्या आळीतल्या पाच घरांनी फराळाचे एकत्र पत्रक काढले. खर्च सारखा वाटला, पण फोन नंबर एकच छापला, तो आमच्या घरचा. फोन आमची मंडळी घेत. "चकली मिळेल का?" असे कुणी विचारले, की त्या "हो, देते" म्हणत आणि स्वतःच कढई चढवत. शेजारच्या काकींचीही चकलीच होती. यांच्या मनात कपट नव्हते. पण दिवाळी झाल्यावर वही उघडली, तर चकलीच्या 31 ऑर्डरींपैकी 26 आमच्याकडे झालेल्या.

काकी काही बोलल्या नाहीत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, तर त्यांनी दारातच घेतला, "बसा" म्हटले नाही. वीस वर्षांचा शेजार आणि कारण एक फोन नंबर. घरी आल्यावर यांनी वही घेतली, काकींच्या वाटणीचे पैसे पाकिटात घातले आणि नेऊन दिले. काकी म्हणाल्या, "पैशाचं नव्हतं गं. एकदा विचारायचं होतंस." पाळी ठरवायला हवी होती. शेतकी खात्यात पाणी आणि तोडणीची पाळी लावणाऱ्या माणसाच्या घरातच ती ठरली नाही, याची मला लाज वाटली.

आधी ठरवायच्या गोष्टी

त्या वहीवरून शिकलो ते असे:

1. वाटणी जागेप्रमाणे. सर्वांना सारखी जागा तर सारखा खर्च. सहापैकी एकाला दुप्पट जागा हवी असेल, तर सात भाग करावेत. 6000 रुपयांत एक भाग सुमारे 857 रुपयांचा. दुप्पट जागेवाल्याने दोन भाग द्यावेत. पैसे छपाईआधी जमा करावेत, उधारी नको.

2. फोन नंबर ज्याचा त्याचा, मालाच्या नावाखालीच छापावा. एकच नंबर द्यायचा असेल, तर दोन घरांत असलेल्या मालाच्या ऑर्डरी पाळीपाळीने द्याव्यात आणि त्या रोज वहीत लिहाव्यात. वही सर्वांना केव्हाही पाहता यावी.

3. सुरुवातीला शक्यतो एका मालाचे एकच घर घ्यावे. एकाच मालाची दोन घरे असतील, तर दोघींचा वेगळेपणा लिहावा. एकीची भाजणीची चकली, दुसरीची तांदळाची.

4. मालाचा कस सांभाळावा. एका घराच्या शेवयांत जाळी निघाली, तर नाव सहाही घरांचे जाते. नमुना आधी सर्वांनी खाऊन पाहावा. दोनदा तक्रार आली तर पुढच्या पत्रकात जागा नाही, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगावे.

5. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक घराची अन्नसुरक्षेची स्वतःची नोंदणी हवी. पत्रक सामाईक असले, तरी एकाचा नोंदणी क्रमांक दुसऱ्याच्या पाकिटावर चालत नाही. पाकिटावर वजन आणि बनवल्याची तारीख असावी.

6. कोणत्या पत्रकावरून आलात, हे गिऱ्हाइकाला विचारून वहीत खूण करावी. जाहिरात फळली की नाही, ते त्याशिवाय कळत नाही.

खोटे छापू नका

गुऱ्हाळवाल्यांना एक सूचना. "मधुमेहींना चालणारा गूळ" असे कुणी छापू नये. गूळही उसाचाच, त्यात बहुतांश साखरच असते, आणि असे वाचून एखाद्या आजाऱ्याच्या जिवावर बेतेल. "रसायनविरहित" हा शब्द, मळी काढायला भेंडीचा चिकट रस वापरला असेल आणि हायड्रोसला हात लावला नसेल, तरच लिहावा. आणि हो, काकवी हौसेने करा, पण कारखान्याकडे नोंद केलेला ऊस कारखान्यालाच आला पाहिजे!

वेळही साधावी. फराळाचे पत्रक दिवाळीआधी पंधरा दिवस, शेवया-कुरडयांचे होळीच्या सुमारास जावे. उशिरा टाकलेल्या खतासारखी उशिरा केलेली जाहिरातही वाया जाते.

ऑर्डर-वहीचा साधा नमुना मी गट ऑफिसात ठेवला आहे. शेतकी मदतनीसाकडे मागावा. यंदाच्या दिवाळीला आमच्या आळीचे पत्रक पुन्हा निघणार आहे. त्यात फोन नंबर पाच आहेत आणि चकलीची पहिली पाळी काकींची आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी