गोधडीचें प्रदर्शन आणि नांवाचा रकाना

आपल्या संघाच्या येत्या प्रदर्शनांत धान्य, ऊंस, भाजीपाला व जनावरें यांच्या जोडीस स्त्रियांच्या हस्तकौशल्याचा स्वतंत्र विभाग उघडण्याचें ठरलें असून त्यांत गोधड्या व वाकळा मांडल्या जाणार आहेत, असें गेल्या अंकांतील सूचनेवरून समजलें. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र या विभागाचे नियम ठरविण्यापूर्वीं चालकांनीं दोन-चार गोष्टींचा विचार करावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें. मीं जन्मांत सुईचा एक टांका घातलेला नाहीं; परंतु माझ्या सोप्यांतील भिंतीवर गोधडीबद्दल मिळालेलें एक प्रशस्तिपत्र माझ्याच नांवानें लटकत आहे. तें तेथें कसें आलें हें सांगितलें म्हणजे पुढील सूचनांचा रोख वाचकांच्या ध्यानांत येईल.

माझ्या मातोश्री २०१६ सालीं वारल्या. त्यांच्या पेटींत सात लुगडीं निघालीं. दोन धडकीं होतीं तीं नात्यांत दिलीं. विरलेलीं पांच घरीं राहिलीं. माझ्या पत्नीनें तीं दोन वर्षें तशींच जपून ठेविलीं आणि २०१८ च्या चैत्रांत, सुगी आटोपून उन्हें तापूं लागल्यावर, गोधडी शिवावयास घेतली. हें काम उन्हाळ्याचें. कापड दमट असतांना थर लावले तर आंतून कुबट वास धरतो व तो पुढें कितीहि धुतलें तरी जात नाहीं. सोप्यांत एक लुगडें दुपदरी अंथरून तिनें चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या व दोन विटा ठेविल्या, कारण तळाशीं एक सुरकुती राहिली तर ती गोधडीच्या जन्माची सोबतीण होते. आंत वडिलांचीं दोन धोतरें घातलीं. वरच्या बाजूस मुलांच्या शाळेंतील खाकी चड्ड्यांचे तुकडे व माझ्या कचेरीच्या सदऱ्यांच्या पाठी आल्या. कारकुनाच्या सदऱ्याची पाठ खुर्चीला घांसून आधीं जाते असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षांत गळपट्टी व कोपर जातात, पाठ शेवटपर्यंत टिकते.

टांका साधाच, धांवदोऱ्याचा. कडेपासून आरंभ करून चौकोनी फेऱ्यांनीं आंत मध्याकडे जावयाचें. दोन ओळींत अंतर बोटाच्या पेऱ्याहून कमी. शहरी माणसास ही केवळ नक्षी वाटते. वास्तविक तोच गोधडीचा जीव होय. विरलेल्या कापडास स्वतःचें बळ उरलेलें नसतें. दाट ओळींनीं पांच-सहा थर एकमेकांस धरून ठेविले म्हणजे तें फाटावयाचें थांबतें. दोरा अधिक ओढला तर कापड गोळा होतें, सैल सोडला तर रात्रीं पायाचें बोट टांक्यांत अडकून ओळच्या ओळ उसवते. मृगाच्या आधीं गोधडी पुरी झाली. लांबी साडेचार हात, रुंदी तीन हात.

२०१९ च्या जानेवारींत तालुक्याच्या गांवीं शेतकी प्रदर्शन भरलें. गोधडी तेथें ठेवावी असें शेजारणींनीं सुचविलें आणि प्रवेशपत्रिका भरण्याचें काम स्वाभाविकच मजकडे आलें. पहिलाच रकाना 'प्रदर्शकाचें नांव' असा होता. महसूल खात्यांत माझीं तीसएक वर्षें खातेदारांचीं नांवें उतरून घेण्यांत गेलीं. मिळकत घरची असली कीं नांव घरच्या पुरुषाचें, ही रीत हातांत इतकी भिनलेली कीं लेखणीनें माझें नांव केव्हां लिहिलें तें मलाच कळलें नाहीं. पत्नी शेजारीं उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं, व मीं विचारलेंहि नाहीं.

त्या वर्षीं गोधडीस बक्षीस मिळालें नाहीं. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनीं ती बोटानें उचलून पाहिली व "कापड जुनें आहे, प्रदर्शनास नवें पाहिजे" एवढें तोंडी सांगून पुढें गेले. दुसऱ्या दिवशीं आम्ही पाहावयास गेलों तों ती आपल्या जागीं नव्हती. शोध घेतां भाजीपाल्याच्या दालनांत तिचा पत्ता लागला. तेथील टेबल कमी पडलें म्हणून कोणी तरी ती जमिनीवर अंथरून तीवर पारितोषिकाचे कोहळे मांडून ठेविले होते. एका कोपऱ्यांत गंजलेली टांचणी टोंचून क्रमांकाची चिठ्ठी लाविली होती. तिचा डाग अद्यापि आहे. मी संतापलों. पत्नी मात्र कोहळ्यांकडे पाहून म्हणाली, "असूं द्या. माणसांना नाहीं तर कोहळ्यांना तरी ऊब मिळाली." पण परत येतांना तिनें ती गोधडी सबंध वाटभर मांडीवर घेतली होती.

पुढल्या वर्षीं तीच गोधडी पुनः ठेवावी असा आग्रह तिनेंच धरला. दरम्यान ती एक हिवाळा पांघरून झाली होती व नवरात्रापूर्वीं ओढ्यावर दगडावर आपटून धुतलीहि होती. या खेपेस परीक्षकांत शाळेंतून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांनीं गोधडी प्रथम उलटी केली. मागच्या बाजूचे टांके बोटानें चांचपले, चारी काठ जुळवून पाहिले आणि ती धुतलेली आहे काय, असें विचारलें. धुतलेली असून एकहि ओळ सुटलेली नाहीं हें पाहून त्यांनीं तीस दुसरें बक्षीस दिलें. बक्षीससमारंभांत ध्वनिक्षेपकावरून नांव पुकारलें गेलें तें माझें. प्रवेशपत्रिका गेल्या वर्षींचीच पाहून मीं उतरली होती. मी व्यासपीठावर गेलों, नारळ, प्रशस्तिपत्र व पांचशें एक रुपयांचें पाकीट घेतलें व नमस्कार करून खालीं आलों. पत्नी बायकांत बसली होती. ती टाळ्या वाजवीत होती.

एस्. टी. मध्यें ती गप्प होती. घरीं आल्यावर पायांवर पाणी घेतां घेतां ती म्हणाली, "अहो, सातबारा तुमच्या नांवाचा होताच. आतां गोधडीहि चढली." या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि असण्याचें कारणहि नव्हतें. शेतकरी संघटनेनें सन १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, शेतकऱ्यांनीं आपखुषीनें जमिनीचा वांटा बायकांच्या नांवें करून दिला, हें मला ठाऊक होतें. पतीच्या जोडीनें पत्नीचें नांव लावण्याचे अर्ज माझ्याच टेबलावरून गेले होते. माझ्या स्वतःच्या गटाचा अर्ज मात्र तोंवर कोणीं दिला नव्हता.

यानंतर करोनाच्या सांथीमुळें दोन वर्षें प्रदर्शनें बंद राहिलीं. त्या रिकाम्या काळांत गोधड्यांच्या प्रदर्शनांविषयीं मिळेल तें वाचण्याचा नाद मला लागला व आपली चूक एकट्याचीच नाहीं असें दिसून आलें. अर्थात् त्यामुळें ती लहान ठरत नाहीं. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९३३ सालीं 'शतकाची प्रगति' या नांवाचें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. त्या निमित्तानें सिअर्स रोबक या व्यापारी कंपनीनें गोधड्यांची स्पर्धा जाहीर केली. एकूण बक्षिसें साडेसात हजार डॉलरांचीं, त्यांत पहिलें एक हजाराचें. मंदीचे दिवस होते. एक हजार डॉलर ही शेतकरी कुटुंबास लहान रक्कम नव्हे. चोवीस हजारांच्या आसपास गोधड्या आल्या. शतकाची प्रगति कापडांत दाखविणाऱ्या गोधडीस पहिलें बक्षीस मिळाल्यास आणखी दोनशें डॉलर द्यावयाचे होते, म्हणून पुष्कळ स्त्रियांनीं आगगाड्या, विमानें व उंच इमारती कापडाच्या तुकड्यांतून उभ्या केल्या. पण बक्षीस गेलें तें जुन्या धर्तीच्या, ताऱ्यांच्या एका गोधडीस. ती केंटकी संस्थानांतील एका दुकानदार बाईंच्या नांवें आलेली होती. गोधडी स्पर्धकाच्या स्वतःच्या हातची असावी अशी अट असतां तींत त्या बाईंचा एकहि टांका नव्हता! चार मजूर स्त्रियांनीं ती शिवली होती. बक्षिसाचा वांटा त्यांस मिळाला नाहीं. आणि हातचें काम जाईल या भीतीनें त्या गप्प राहिल्या. ही हकीकत साठ वर्षांनीं, १९९३ सालीं त्या स्पर्धेवर निघालेल्या एका पुस्तकानें सर्वांपुढें मांडली. ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांस भेट म्हणून गेली व पुढें कोठें गेली याचा पत्ता नाहीं. हें वाचून पत्नीस सांगितलें, तेव्हां तिनें पहिला प्रश्न केला तो बक्षिसाचा नव्हे, "त्या चौघींचीं नांवें तरी सांपडलीं का?" असा केला.

माझी एक भाची ह्यूस्टन शहरीं राहते. तेथें १९७४ पासून गोधड्यांचें एक मोठें प्रदर्शन भरत आलें आहे. तिनें तें दोन वेळां पाहिलें व मामीसाठीं म्हणून त्याची हकीकत फोनवरून सविस्तर सांगितली. तेथें गोधड्या टेबलावर न अंथरतां उभ्या टांगतात. त्यासाठीं मागच्या बाजूस वरच्या काठाशीं कापडाची नळी शिवलेली असते व तींतून काठी घालतात. प्रेक्षकांस हात लावण्याची मनाई. मागची बाजू पाहावयाची असल्यास पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका ती उचलून दाखवितात. परीक्षण चाललें असतां परीक्षकांस शिवणारीचें नांव कळूं देत नाहींत. मात्र मागाहून लागणाऱ्या पाटीवर नांव असतेंच, आणि तुकडे एकीनें जोडून टांके दुसरीनें घातले असतील तर दोघींचींहि असतात. हातमोज्यांची गोष्ट पत्नीस फारशी पटली नाहीं. "गोधडी हाताला कळते, डोळ्यांना नव्हे," असें तिचें म्हणणें. दोन नांवांची गोष्ट मात्र तिनें पुनः सांगावयास लाविली.

जुन्या कापडाचा आक्षेप ज्यांच्या मनांत असेल त्यांस एक उदाहरण देतों. अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा नदीच्या एका वळणांत जीज बेंड नांवाची वस्ती आहे. तेथील नीग्रो कुटुंबें पूर्वीं गुलाम होतीं व पुढें पिढ्यान् पिढ्या वांट्यानें कापूस पिकवीत आलीं. तेथील स्त्रिया थंडीसाठीं गोधड्या शिवीत त्या शेतांत झिजलेल्या विजारींच्या व सदऱ्यांच्या. गुडघ्याचें ठिगळ काढल्यावर खालीं राहिलेला गडद निळा चौकोन तसाच वापरलेला कित्येकींत दिसतो. या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ सालीं त्यांचीं चित्रें अमेरिकेच्या टपालतिकिटांवर आलीं. तेथेंहि नांवाचा व मोबदल्याचा प्रश्न चुकला नाहीं. कांहीं स्त्रियांनीं २००७ सालीं दावे लाविले, ते पुढें मिटले. सारांश, कापड जुनें हा दोष नव्हे. आपल्याजवळच कारवार जिल्ह्यांतील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोकांच्या स्त्रिया कौंदी शिवतात, तींहि जुनींच कापडें. त्या चारी कोपऱ्यांस दुमडलेल्या कापडाचीं लहान त्रिकोणी फुलें ठेवितात. तीं नसतील तर त्यांच्या दृष्टीनें कौंदी उघडी राहिली. आमच्याकडील एखादा परीक्षक त्यांसच 'कोपरे साफ नाहींत' असा शेरा मारील, अशी मला भीति वाटते.

आतां संघास विनंति करावयाची ती अशी. प्रवेशपत्रिकेवर 'प्रदर्शक' हा शब्द नको. 'शिवणारीचें नांव' असा रकाना असावा, आणि दोघी-तिघींनीं मिळून शिवली असेल तर तितकीं नांवें लिहिण्यास जागा असावी. विकत आणलेली गोधडी स्वीकारावयाची नाहीं असें नाहीं, पण ती निराळ्या वर्गांत घ्यावी. तसाच वापरलेल्या कापडाचा वर्ग निराळा करावा, आणि या वर्गांत धुतलेल्या गोधडीस धुतलेली म्हणून कमी न लेखतां तिची परीक्षा अधिक झाली आहे असें समजावें. परीक्षकांत निदान एक तरी स्वतः शिवणारी असावी व शेरा लेखी मिळावा. पहिल्या वर्षीं आम्हांस दोन ओळींचा लेखी शेरा मिळता तर 'जुनें कापड' याखेरीज कांहीं उणें होतें काय हें समजलें असतें. टांचणी नको, चिठ्ठी टांक्यानें अडकवावी. आणि प्रत्येक गोधडीची पोंच सही-शिक्क्यानिशीं द्यावी. हें शेवटचें जुन्या कारकुनाचें वेड म्हणून कोणी हंसेल, परंतु जी वस्तु मेलेल्या माणसाच्या अंगावरच्या कापडाची आहे ती हरवली तर भरपाई कशानें करणार? गेल्या वर्षीं पुण्याच्या एका व्यापाऱ्यानें आमच्या गोधडीस तीन हजार रुपये देऊं केले. पत्नीनें त्यास चहा दिला व गोधडी घडी करून आंत नेली.

प्रशस्तिपत्र काढून टाकावें असें मीं दोनदां सुचविलें. ती काढूं देत नाहीं. या लेखांत तुझें नांव छापतों म्हणालों, तर "मासिकांत नको, गोधडीवर घाला," असें उत्तर मिळालें. तेव्हां येथें तें दिलेलें नाहीं. गटाच्या उताऱ्यावर मात्र आतां आम्हां दोघांचींहि नांवें आहेत.

यंदा तिनें दुसरी गोधडी शिवली आहे. डोळ्यांनीं आतां सुईचें नेढें नीट दिसत नाहीं, म्हणून सबंध उन्हाळाभर दुपारीं तिच्याजवळ बसून दोरा ओंवून देण्याचें काम मीं केलें. दहा-दहा सुया ओंवून उशीला टोंचून ठेवीत असें. प्रवेशपत्रिका परवां आली. ती तिनें माझ्या हातीं दिली नाहीं, स्वतः भरली, व भरून झाल्यावर दाखविली. पत्रिकेंत छापील रकाना नसल्यामुळें खालच्या समासांत तिनें स्वतःच्या अक्षरानें एक ओळ वाढविली आहे. 'दोरा ओंवणार' असें लिहून पुढें माझें नांव घातलें आहे. ती ओळ चालकांनीं खोडूं नये.