पिवळा चापडा, पांढरी घोणस, विटकरी फुरसं!

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, फुरसं दिसता दिसत नाही. कधी तपकिरी, कधी राखाडी, कधी चक्क विटकरी; जांभ्यावर असं मिसळून जातं की पाय पडायच्या बेतात येईपर्यंत पत्ता लागत नाही. रंग सोडा, डोक्यावर बघा. तिथे बाणाच्या आकाराची फिकट खूण असते. आणि कान उघडे ठेवा. चिडलं की फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवतल्यासारखी खरखर ऐकू येते. तो आवाज तोंडाचा नाही, दातेरी खवल्यांचा!

इंग्रजांनी या एवढ्याशा जनावरावर बक्षीस लावलं होतं. १८६२ च्या डिसेंबरात जेमतेम आठवडाभरात रत्नागिरी जिल्ह्यातून लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. आकडा वाचून आजही जीव कळवळतो. एवढं होऊनही फुरसं सड्यावरून हटलेलं नाही.

रंगांची खरी उधळण बघायची तर पावसाळ्यात घाटात जा. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाधमक असतो, नारिंगी छटेचाही असतो, आणि हे सगळे एकाच जातीचे! दोन चापडे शेजारी ठेवले तर भाऊ वाटणार नाहीत. ओळख पटते ती त्रिकोणी डोक्यावरून आणि डोळा व नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यावरून. या खळग्याला उष्णता जाणवते, म्हणून काळोखातही उंदीर सुटत नाही.

हिरवा दिसला की चापडा, असंही नाही. हरणटोळही हिरवागार, आणि तोही फांदीवरच. लांबून फोटो काढा आणि मोठा करून डोळा पाहा. चापड्याची बाहुली उभी, हरणटोळाची आडवी. हरणटोळाचं विष अगदी सौम्य. बिचारा उगाच मार खातो.

पांढरा साप निघाला की लोक हात जोडतात. कल्याणच्या बाजूला पांढऱ्या घोणशी सापडल्या आहेत. अंगात काळं रंगद्रव्यच तयार झालं नाही की कातडी फिकी पडते आणि डोळे लालसर दिसतात. पाठीवरची साखळी नीट पाहिली तर तीही फिकट रंगात दिसते. विष मात्र जरासुद्धा फिकं पडत नाही! नागाचंही तेच. गव्हाळ, तपकिरी, काळा, कुठलाही असो, तो विषारीच; फण्यावरचा आकडाही कधी पुसट तर कधी गायबच असतो.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत तर घरोघरी होते. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेपाशी नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठसठशीत होतात. पाठीच्या मध्यावरचे मोठे षटकोनी खवले ही तिची पक्की खूण, पण ती तपासायला जवळ जाऊ नका. तिच्या दंशाला सूजही फारशी येत नाही.

मिरकरवाडा बंदरात जाळ्यात आलेला साप काळा-पिवळा असो की करडा, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्री साप, आणि विषारीच. हातानं उचलून फेकायचा नाही.

पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर साप शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे. ते देताना डॉक्टर सापाचा रंग विचारत बसत नाहीत, रोग्याची लक्षणं आणि रक्त गोठतंय का ते पाहतात.