खेळणारी माणसं, पंच संगणक

प्रोग्रामिंगच्या प्राथमिक पुस्तकांतले पहिले धडे बहुधा ठरलेले असतात: पडद्यावर नाव छापा, दोन संख्यांची बेरीज करा, सतराचा पाढा काढा. हे धडे हवेतच, पण त्या सगळ्यांत एक उणीव राहते. प्रोग्राम वरून सुरू होतो, खाली पोहोचतो आणि संपतो. मधे त्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही, आधी काय घडलं ते लक्षात ठेवावं लागत नाही, कुणाला ‘हे चालणार नाही’ असं सांगावं लागत नाही. रेल्वेचं आरक्षण असो की बँकेचा व्यवहार, रोजच्या वापरातले प्रोग्राम नेमकं हेच करत असतात. म्हणून पाढ्यांनंतरचा पहिला मोठा धडा दोन खेळाडूंच्या साध्या खेळाचा असावा, आणि तो फुल्ली-गोळ्याचा असावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात संगणकाने खेळायचं नाही. खेळतील दोन माणसं. संगणकाने फक्त पंच व्हायचं.

पंचाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. नऊ घरं, तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरप्या अशा जिंकायच्या आठ ओळी, एवढे नियम लहान मूलही सांगतं. पण ते जे गृहीत धरतं, ते सगळं प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. भरलेल्या घरात कुणी फुल्ली मारली, तर चाल नाकारायची आणि पाळीही त्याच्याकडेच ठेवायची. नवशिक्याच्या हातून चाल नाकारली जाते, पाळी मात्र पुढे सरकते. ‘ओळीतली तिन्ही घरं सारखी आहेत का’ एवढंच तपासलं, तर पहिल्याच चालीनंतर कुणीतरी जिंकल्याचं जाहीर होतं, कारण तीन रिकामी घरंही एकमेकांसारखीच असतात. पट भरला का हे आधी पाहिलं आणि कोण जिंकलं हे नंतर, तर नवव्या चालीवर जिंकणाऱ्याच्या पदरात बरोबरी पडते. सगळ्यांत बोलकी चूक शून्याची. पायथन या भाषेत यादीतली घरं 0 पासून मोजतात आणि माणूस 1 पासून, म्हणून खेळाडूने दिलेल्या आकड्यातून एक वजा करतात. आता कुणी 0 टाकला, तर उरतो उणे एक, आणि पायथनच्या लेखी उणे एक म्हणजे यादीतलं शेवटचं घर. फुल्ली बिनबोभाट नवव्या घरात जाऊन बसते. 10 टाकला तर प्रोग्राम बंद तरी पडतो, चूक लगेच दिसते. शून्याची चूक मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. चुका अशाही असतात, हे विद्यार्थ्याला इतक्या लवकर आणि इतक्या लहान जागेत दाखवणारा दुसरा धडा मला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, संगणकालाच प्रतिस्पर्धी का करू नये? मुलांना त्यात जास्त मजा येईल. तशी परंपराही आहे. 1952 साली केंब्रिजमध्ये ए. एस. डग्लस यांनी एडसॅक या संगणकावर फुल्ली-गोळा आणला, तेव्हा माणूस टेलिफोनच्या तबकडीने चाल द्यायचा आणि समोरून यंत्र खेळायचं. 1961 साली डोनाल्ड मिची यांनी 304 काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन, संगणकाशिवायच, खेळता खेळता सुधारणारी रचना उभी केली. पण मिचींच्या पेट्यांतही मणी होते ते फक्त रिकाम्या घरांचे. म्हणजे पेट्यांनी शिकण्याआधी नियम पक्के झाले होते. फुल्ली-गोळ्याचे एकूण 2,55,168 वेगवेगळे डाव होऊ शकतात, आजच्या यंत्राला ते सगळे तपासणं सहज जमतं. मात्र तपासताना ‘ही चाल चालेल का’ आणि ‘कोण जिंकलं’ हे दोन प्रश्न त्याला पुनःपुन्हा विचारावे लागतात. तिथेच खोट असेल, तर हुशार प्रतिस्पर्धी चुकीचाच खेळ खेळेल. पंच आधी, खेळाडू मागून. रंग, चित्रं, आवाज यांचीही तीच गोष्ट. ते नंतर चढवता येतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असा प्रोग्राम आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात लिहून देते, मग मुलांनी डोकं कशाला शिणवायचं? लिहून मिळतो हे खरंच आहे आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण बरोबर आहे की नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. शून्य टाकून पाहायला हवं, नववी चाल जिंकणारी ठेवून पाहायला हवी, हे ज्याला सुचत नाही त्याच्या हाती आलेला तयार प्रोग्राम चालतोय असं वाटत राहतं, एवढंच. ती नजर स्वतः पंच लिहिताना येते. म्हणूनच शिक्षकांना माझी सूचना आहे, की प्रोग्राम लिहून झाले की वर्गातल्या जोड्यांनी ते आपसात बदलावेत आणि प्रत्येकीने दुसरीचा पंच चुकवून दाखवावा. निम्मे गुण लिहिण्याला द्यावेत, निम्मे चूक शोधण्याला.