'रॉक मशीन'चा पहिला अल्बम आणि स्वरचनेचा प्रश्न

हिमायतनगरसारख्या गावी 'बँड' म्हटले की वरातीपुढे चित्रपटगीते वाजविणारे पथक डोळ्यांपुढे उभे राहते. रचना दुसऱ्याची, वादन आपले आणि निवड श्रोत्यांची, हा त्या पथकाचा व्यवहार होय. मुंबईतील रॉक बँडांचा १९८०च्या सुमाराचा व्यवहार, वेष निराळा असला तरी, पुष्कळसा असाच होता. पाश्चात्त्य बँडांची गाजलेली गाणी हुबेहूब वाजविणे हीच कसोटी मानली जाई, आणि श्रोतेही तेच मागत.

१९८४ साली मुंबईत निघालेल्या 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वरचित गाण्यांचा अल्बम काढला, त्याचे महत्त्व येथे ध्यानी येते. रॉकमधील आत्मकथन म्हणजे केवळ दुःखाचे निवेदन नव्हे. गाणारा 'मी' म्हणतो, तो 'मी' त्याचाच असावा लागतो. उसन्या गीतात ही अट पुरी होत नाही. तेव्हा जीवनातील झगडा गाण्यात आणण्यापूर्वी, स्वतःचे गाणे ऐकवून घेण्याचाच झगडा या तरुणांना करावा लागला. भाषा इंग्रजीच राहिली आणि चालींवर परदेशी हार्ड रॉकची दाट छाया आहे. ही उणीव लहान नव्हे.

१९९३ साली बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९९७ मध्ये तो विखुरला, २०१० मध्ये पुन्हा जुळला, आणि २०१२ साली 'इव्हॉल्व' हा अल्बम आला. त्यातील गाणीही स्वरचितच होती.