आरोग्याची नोंद : गावाची की व्यक्तीची?

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी येणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीस मात्र ती सोयीची नाही. गर्भवतीची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात. नोंदवही गावांच्या क्रमाने लिहिलेली असेल, तर त्या स्त्रीचे हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात किती होते, हे माहेरच्या डॉक्टरांना कळण्यास मार्ग नसतो. तीच वही जशीच्या तशी संगणकात उतरविली तरी अडचण कायम राहते. माहिती कोणत्या घटकाभोवती रचावयाची, हे आधी ठरवावे लागते.

२००८ साली सुरू झालेल्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीने 'संस्था' हा घटक मानला. महिन्यात किती प्रसूती झाल्या, किती बालकांस लस दिली, हा आकडा वर जातो. नियोजनास तो उपयोगी. पण कोणत्या बालकाची लस चुकली, हे त्यावरून समजत नाही. २००९ मधील माता व बालक मागोवा प्रणालीने म्हणूनच नावानिशी नोंद स्वीकारली. पुढे तिची जागा प्रजनन व बाल आरोग्य पोर्टलने घेतली. नावानिशी नोंदीमुळे कामाचा भार मात्र कितीतरी पटींनी वाढला, यंत्रावर आणि सेविकेवरही.

नोंद मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक बालकाची एक ओळ आणि प्रत्येक लसीचा एक रकाना असतो. वाचावयास ही सोपी व जलद. परंतु राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ साली रोटाव्हायरसची व २०१७ साली गोवर-रुबेलाची लस आली. अशा प्रत्येक वेळी रकाने, पडद्यावरील अर्ज व अहवाल, सारेच बदलावे लागते. दुसरीत प्रत्येक डोसाची स्वतंत्र ओळ असते : कोणास, काय, केव्हा, कोठे. नवी लस आली की यादीत एक नाव वाढते, इतकेच. मात्र एका बालकाचे पूर्ण कार्ड दाखविण्यास संगणकाला अनेक ओळी गोळा कराव्या लागतात, आणि महिनाअखेरीस सर्व केंद्रे एकदम अहवाल मागू लागली की पडदा थबकतो. यासाठी रात्री गोषवारे तयार करून वेगळे ठेवतात. जिल्ह्याच्या अहवालास कालचा आकडा चालतो. रक्तस्राव होत असलेल्या मातेसमोर उभ्या डॉक्टरांना तो चालत नाही.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न तर नेहमीच दुर्लक्षिला जातो. रक्तदाब मोजलाच नाही आणि रक्तदाब ठीक आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आकडा घातल्यावाचून अर्ज पुढे सरकत नसेल, तर अंदाजाचा आकडा घातला जातो, आणि तो खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात व्यक्तीस चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंद जेथे झाली तेथेच राहते आणि व्यक्तीच्या संमतीने दुसऱ्या दवाखान्यास पाहता येते. याकरिता दोन्हीकडील नोंद त्या क्रमांकाशी जोडलेली व ठरीव नमुन्यात असावी लागते. जेथे ही जोडणी झालेली नाही, तेथे माहेरी निघालेल्या गर्भवतीने माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घेतले आहे की नाही, हे आशा कार्यकर्तीने पाहणे अगत्याचे आहे.